होडीखालचं टेबल

दिगंबर साठ्यांनी आयुष्यात कंगवासुद्धा कुणाला विचारल्याशिवाय घेतला नव्हता. त्यामुळे निवृत्तीनंतर घरच्या घरी शिडाची लाकडी होडी बांधायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा सल्ल्याची सोय आधी झाली आणि लाकडाची नंतर. मोबाईलवर ‘हौशी होडीकर’ नावाचा एक गट होता. सभासद बहुतेक पुण्यातलेच. आपल्या गावाला समुद्र नाही याची त्यातल्या एकालाही खंत नव्हती. खडकवासल्याला पाणी होतं, आणि मतं तर घरोघरी होती.

आनंदीबाईंनी बातमी शांतपणे ऐकली. याआधी साठ्यांचं व्हायोलिन, फ्रेंच आणि गच्चीवरचा भाजीमळा हे तिन्ही संकल्प चौकशीच्या पायरीवरच निवर्तले होते. व्हायोलिन कुठलं घ्यावं यावर इतकी मतं जमली, की शिकवणारे मास्तरच वारले.

“होडी पाण्यात जाईल न जाईल,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही सुरू केलेलं काहीतरी मला एकदा बघायचंय. तेवढं जमवा.”

हे साठ्यांना लागलं. तिथल्या तिथे त्यांनी शब्द दिला, की दिवाळीच्या आत होडीला हात लागलेला असेल.

मुलगी गाडी घेऊन नाशिकला गेल्यापासून सोसायटीच्या पार्किंगमधली त्यांची जागा रिकामीच होती. गटातला संभाजी शनिवारी हिंजवडीहून खास आला. संभाजीची स्वतःची होडी गेली काही वर्षं कॉम्प्युटरमध्ये होती, आणि तिथे ती उत्तम चालत होती. त्याने समजावून सांगितलं, की होडी उलटी ठेवून बांधतात आणि तिच्याखाली लाकडाची लांबलचक, भक्कम बैठक लागते. “काका, बेस परफेक्ट पाहिजे. बेस गंडला, की अख्खी बोट ट्विस्ट.”

साठ्यांनी बैठक केली. गटावर फोटो टाकला. एकाने पाय वाढवायला सांगितले, दुसऱ्याने वरून प्लायवूड ठोकायला सांगितलं, म्हणजे आराखडा खऱ्या मापात त्यावरच काढता येतो. साठ्यांनी दोन्ही केलं. नाही कुणाला म्हणायचं, हा त्यांच्यापुढचा जुनाच प्रश्न होता.

सोसायटीचे अध्यक्ष जयसिंगराव पायगुडे रोज येऊन बघत. इमारत त्यांच्याच वडिलोपार्जित शेतावर उभी होती, त्यामुळे अध्यक्षपदही वडिलोपार्जित असल्यासारखंच होतं.

“साठेसाहेब, ह्ये काय म्हनायचं?”

“होडीची बैठक.”

“आन् होडी कुठं हाय?”

“ती नंतर. आधी बैठक पक्की व्हायला हवी.”

“बराबर हाय. आमच्यात बी लग्नाआधी बैठकच आसती,” जयसिंगराव म्हणाले, आणि हातातला चहाचा कप त्यांनी प्लायवूडवर ठेवला. कप अजिबात डुगडुगला नाही. घोटाळ्याला सुरुवात झाली ती तिथून.

कप न डुगडुगणारी जागा सोसायटीत दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिथे चार कप आले, आठवडाभरात वर्तमानपत्रं आली, मग पत्त्यांचा डाव. साठे हातात पेन्सिल घेऊन डाव संपायची वाट बघत उभे राहत. चहा सांडून डाग पडले, त्यांचं काय करायचं ते त्यांनी गटाला विचारलं. गट म्हणाला, व्हार्निश मारा. व्हार्निश मारल्यावर बैठक अशी काही दिसू लागली, की गणपतीला मंडप न घालता मूर्ती इथेच बसवावी, असं महिला मंडळाने परस्पर ठरवलं.

“दहाच दिवस,” मंडळातल्या शालूताई म्हणाल्या. “तुमची होडी काय पळून जातेय? अजून आलीच नाहीये.”

गणपतीच्या वजनाने एक कोपरा केसभर खचला. संभाजी लेझरचं यंत्र घेऊन धावत आला आणि मान हलवत म्हणाला, की अशा बेसवर बोट म्हणजे रिस्क. साठ्यांनी मधोमध आणखी पाय लावले. आता बैठक इतकी भक्कम झाली, की नवरात्रात तिच्यावर महाप्रसादाची पातेली चढली आणि कोजागरीला मसाला दुधाची. थोडक्यात, लोकांनी वापरली की ती बिघडे, बिघडली की साठे ती सुधारत, आणि सुधारली की लोक दुप्पट वापरत. होडीचा एक तुकडाही अजून कापलेला नव्हता. लोक बैठकीला आता सरळ टेबलच म्हणत.

दिवाळी तोंडावर आली, तशी वार्षिक सभा आली. तिसऱ्या मजल्यावरच्या श्याम केतकरांकडे गाड्या दोन आणि जागा एक होती. त्यांनी मुद्दा काढला, की पार्किंग वाहनांसाठी आहे, सुतारकामासाठी नाही, सबब हे लाकूड हलवावं.

जागा गेली तर होडी व्हायोलिनच्या वाटेने जाणार होती. होडी हेही वाहनच आहे, असं भाषण साठे पाठ करून आले होते. पण त्यांना उठायची वेळच आली नाही. शालूताई उठल्या, पत्तेवाले उठले, कधी तोंड न उघडणारे खजिनदारही उठले. टेबल हलणार नाही, यावर सोसायटीत झालं नव्हतं असं एकमत झालं. जयसिंगरावांनी ठराव मांडला, की साठेसाहेबांची वस्तू आहे तिथेच कायम राहावी. साठ्यांचे डोळे भरून आले. अनुमोदन कोण देणार, असं विचारताच त्यांचाच हात सर्वांच्या आधी वर गेला.

“थांबा, पुरता ऐका तरी,” जयसिंगराव म्हणाले आणि पुढचं वाचू लागले. “सोसायटीनं तिची नीट राखण करावी. वरचं पॉलिश खराब व्हतं, म्हनून तिच्यावर करवत, हातोडा, होडी आसलं कायबी काम करू नये. अनुमोदन, साठेसाहेब.”

टाळ्या पडल्या. केतकरांनीसुद्धा वाजवल्या.

साठ्यांनी ही हकीकत गटावर कळवली. नवी बैठक कशी करावी, यावर लगेच सल्ले सुरू झाले. एक सभासद मात्र रविवारी सकाळी प्रत्यक्षच आले. हे रियाज मोमीन, रविवार पेठेतले कापडाचे व्यापारी. गटात ते कधी फारसं लिहीत नसत. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, पुन्हा हात फिरवला.

“साठेसाहेब, अशी बैठक मी कुठंच पाहिली नाही. माझी वाकडी होती.”

“मग होडीचं काय झालं?”

“तीही वाकडी झाली. जरा डावीकडं ओढते,” रियाजभाई म्हणाले. “पण आत्ता पाण्यात आहे. येताय का बघायला?”

साठे बघून आले. होडी खरोखरच डावीकडे ओढत होती. तिला शीड दुकानातल्या पडद्याच्या कापडाचं होतं, आणि रियाजभाई तिच्यात आरामात भुईमुगाच्या शेंगा खात बसले होते.

घरी आल्यावर साठ्यांनी मोबाईल कपाटात ठेवला. जेवणाच्या टेबलावरचा कपडा ओढून काढला, त्यावर फळी आडवी टाकली आणि करवत लावली. टेबल एका पायावर हलत होतं, रेघही थोडी तिरकी गेली. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही.

दुपारी आनंदीबाई कुकर, ताटं आणि कोशिंबीर घेऊन पार्किंगमध्ये उतरल्या. जयसिंगराव पत्ते पिसत होते.

“आज हितं जेवायला, वहिनी?”

“वर जागा नाही. होडी सुरू झालीय.”

हे वाक्य त्यांनी इतक्या सावकाश उच्चारलं, की पत्तेवाल्यांनी आपण होऊन डाव आवरला आणि जागा करून दिली.

“सुरू झाली ह्ये झ्याक झालं,” जयसिंगराव म्हणाले. “पर चौथ्या मजल्यावरनं ती खाली उतरायची कशी?”

“ते अजून कुणाला विचारलेलं नाही,” आनंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ताट वाढायला घेतलं. त्या न डुगडुगणाऱ्या टेबलावर वरण जिथे वाढलं तिथेच राहिलं.