तळ्याकाठी माझा हँडिकॅप

घर कसं घ्यावं, हे मला कुणी शिकवू नये! निवृत्त झाल्यापासून मी दुसरं काही केलेलंच नाही. म्हणजे घर घेतलेलं नाही. कसं घ्यावं याचा अभ्यास केलाय. तळ्याकाठच्या आणि गोल्फवाल्या सोसायट्यांचे जेवढे म्हणून व्हिडिओ मोबाइलवर आहेत, तेवढे मी पाहिलेत. सगळ्यांचं सार एकच: बिल्डरसमोर गरजू दिसायचं नाही. हा माणूस मुलुंडच्या दोन खोल्यांतून आलाय, हे त्याला कळलं की आपली वाट लागली!

"म्हणून हा अवतार?" आमच्या सौ. शुभाताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

पांढरी पँट, पांढरे बूट, पांढरी टोपी आणि एकाच हातात मोजा. मोजा तिचाच, स्कूटरवर घालायचा.

"गोल्फ खेळणारा दिसतो की नाही?"

"वरातीतला बँडवाला दिसताय. पिपाणी तेवढी राहिली."

"अगं, गोल्फवाल्याला कुणी फसवत नाही. तू बघच!"

जाहिरातीत लिहिलं होतं, 'पवईसारखं तळं, दहिसरपासून पाच मिनिटं'. पाच मिनिटं कशाने, ते लिहिलं नव्हतं. बिल्डरच्या एसी बसने दहिसरचा चेकनाका मागे टाकला, मग वस्ती मागे टाकली, शेवटी डांबरी रस्तासुद्धा मागे टाकला. उतरलो तेव्हा अंगातली सगळी हाडं जागच्या जागी आहेत का, ते मोजून घ्यावंसं वाटत होतं.

पण समोर बघितलं आणि मी विरघळलो! टेकाडावर निळंशार तळं. मधोमध कारंजं. त्यात चार बदकं. बाजूला कापून ठेवल्यासारखी हिरवळ, त्यावर एक झेंडा. खाली उतारावर मांडव, आणि मांडवातून पनीरचा वास!

आमच्या बसमध्ये विक्रोळीचे दशरथ परब आणि त्यांच्या मिसेस होत्या. परब तळ्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"आमच्या गावाक तळ्यात कमळां आसतत," ते म्हणाले. "हय एक पण दिसणां नाय."

"हे गोल्फचं तळं आहे, परब," मी समजावलं. "यात कमळं चालत नाहीत."

तेवढ्यात कंपनीची मनाली नावाची मुलगी हसत हसत आली. माझा मोजा बघून तिचे डोळे चमकले.

"सर, आपण गोल्फ खेळता?"

"हो, म्हणजे... थोडंफार. सकाळचं."

"वाव! सरांचा हँडिकॅप किती?"

आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? बरा दिसतोय की मी! पण म्हटलं असेल बुवा, लिफ्ट, रॅम्प वगैरे सोयींसाठी विचारत असतील.

"काही नाही!" मी छाती पुढे काढली. "देवाच्या कृपेने शून्य!"

"झीरो?" तिच्या हातातली माहितीपत्रकं खाली पडली. "या वयात?"

"योगासनं करतो ना रोज!"

ती जी पळाली, ती थेट मालकांकडे. दोन मिनिटांत नितेश सर माइकवर! "लेडीज अँड जंटलमेन! आज आपल्यात एक महान खेळाडू आहेत! गोल्फमध्ये ज्याचा हँडिकॅप जितका कमी, तितका तो मोठा खेळाडू. आणि या श्यामसुंदर सरांचा हँडिकॅप आहे शून्य! आपल्या गोल्फ कोर्सचा पहिला शॉट तेच मारणार!"

टाळ्या! मी टोपी डोळ्यांवर ओढली.

"अहो," शुभा कानाशी कुजबुजली, "तुम्ही आयुष्यात कॅरमची सोंगटीसुद्धा कधी भोकात घातली नाहीत."

"गप्प बस ना! मी काढतो मार्ग."

मार्ग काढेपर्यंत माझ्या गळ्यात हार पडला, हातात लोखंडी टोकाची लांब काठी आली आणि मनालीने अदबीने विचारलं, "सर, टी कुठली देऊ?"

"बिनसाखरेची."

"सर किती विनोदी आहेत!" म्हणत तिने जमिनीत एक खुंटी, म्हणजे तिची ती 'टी', खोचली आणि तिच्यावर चेंडू ठेवला.

मी म्हटलं, अरे, हे तर विटीदांडूसारखंच झालं! लहानपणी मुलुंडमध्ये आमच्या दांडूला लोक घाबरायचे. डोळे मिटले, कुलदेवतेचं नाव घेतलं आणि असा काही हात फिरवला, की स्वतःभोवती दीड गिरकी घेतली!

चेंडू जागचा हलला नाही. काठी मात्र गेली. स्कूटरचा मोजा गुळगुळीत, त्यातून ती सुटली, सुदर्शन चक्रासारखी गरगरत थेट कारंज्यावर आदळली. कारंजं कललं, त्याचा टोकदार लोखंडी पाय वर आला आणि... टर्रर्र!

तळं फाटलं.

हो, फाटलं! तळ्याला चीर पडते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. काठावरची निळी ताडपत्री फडफडत वर आली आणि सगळं पाणी मुसंडी मारून उताराने निघालं.

"अरे, ह्यां तळां न्हय रे, ही ताडपत्री आसा!" परब ओरडले.

पाणी मांडवात घुसलं. पनीर तरंगलं, पुऱ्या वाहत गेल्या, माणसं खुर्च्यांवर चढली. बदकं सगळ्यात शहाणी. ती पाण्याबरोबर खाली आली आणि गुलाबजामच्या पातेल्याशी ठाण मांडून बसली.

"टँकरने भरलेलं तळं विकताय?" "लाज नाही वाटत?" एकच गलका झाला. परब पाणी तुडवत माझ्याकडे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमी मुद्दाम मारलात, होय ना?"

शंभर डोळे माझ्यावर! अशा वेळी खरं बोलायला फार मोठं मन लागतं. माझं मध्यम आहे.

"अर्थात!" मी खुर्चीवर चढलो. "मी आलो तेव्हाच ओळखलं! नेम धरून मारलं! मित्रहो, तळं नेहमी फोडून बघून घ्यावं!"

टाळ्या, शिट्ट्या, सेल्फी! लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. एवढ्यात शुभाने बाही ओढली. तिचा चेहरा त्या पनीरसारखा पांढरा.

"अहो... मी फ्लॅटचं टोकन देऊन बसले."

"काय? कधी?"

"तुमच्या गळ्यात हार पडला तेव्हा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, चॅम्पियनच्या मिसेस तुम्ही, तळ्यासमोरचा फ्लॅट तुम्हालाच शोभतो. चाळीस वर्षांत मला कुणी काही शोभतं म्हणालं नव्हतं हो!"

मी तावातावाने नितेश सरांकडे गेलो. ते गुडघाभर चिखलात उभे होते.

"टोकन परत करा! फसवणूक आहे ही! मी तक्रार करीन!"

"करा ना," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या भाषणाचा व्हिडिओ आहे आमच्याकडे. झीरो हँडिकॅपचा माणूस, नेम धरून मारलं, असं स्वतःच्या तोंडाने सांगतोय. तुमचं टोकन आणि आमचं तळं, फिट्टंफाट!"

तर मंडळी, घर अजून मुलुंडचंच आहे. पण तळ्याकाठी फ्लॅट घेणारे पुष्कळ भेटतील. अख्खं तळं विकत घेतलेला माणूस आमच्या सोसायटीत मी एकटाच! ते गळतं, एवढंच.