पाळधीपर्यंतची माणसं

माणसाच्या तोंडाकडे नुसतं बघून तो कुठे ओकेल, हे हिलालनाना सांगत. कुठे म्हणजे अगदी गावाच्या नावासकट. तीस वर्षं त्यांनी जळगाव-धुळे रस्त्यावर एस.टी.त कंडक्टरकी केली. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि मग धुळे. जगातली सगळी माणसं त्यांनी या सहा गावांत वाटून टाकली होती. ज्याचं पोट जितकं कच्चं, त्याचं गाव जळगावला तितकं जवळ. रिटायर होऊन ते जळगावातल्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहायला आले, तरी ही सवय गेली नव्हती. दूधवाला आला की म्हणत, "हाऊ पारोळा." पोस्टमन दिसला की, "हाऊ एरंडोल. पन बिचारा सायकलवर फिरस, म्हनीसन वाची गया."

आमची ओळख झाली त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि निकाल दिला, "सूनबाई धुळं शे. काहीच व्हवाव नही तिले." माझ्या खांद्यावर हात ठेवून मात्र ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तू पाळधी शे."

पाळधी हे जळगाव सोडल्यावरचं पहिलं गाव. गाडी जेमतेम चौथ्या गिअरात पडते तोच ते येतं. मला राग आला, पण बोलण्यासारखं काही नव्हतं. लग्नाच्या वरातीत मी घोड्यावर बसलो होतो तेव्हा मला उतरवून लिंबू चोखायला द्यावं लागलं होतं, आणि घोडा उभा होता.

नाना एकटेच राहत. त्यांची बायको, अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मंदा मस्कतला दिली होती. आमच्याकडे कंपनीने दिलेला फोन होता, म्हणून ती दर शुक्रवारी आमच्याकडे फोन करी. नाना रिसीव्हर धरून असे ओरडत, की मस्कतला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. बोलणं ठरलेलं असे. ती म्हणे, नाना, इकडे या, तिकीट पाठवते. नाना म्हणत, "पुढला साल नक्की येस, माय. आते नळले दिवसाआड पानी येस, कोन भरी?" पासपोर्ट जावयाने कधीच काढून दिला होता. तो तांदळाच्या डब्यात पडून होता. नळाचं पाणी मी भरून ठेवतो असं मी दोनदा म्हणालो, तर दोन्ही वेळा नानांना ऐकू आलं नाही.

त्र्याण्णव सालच्या आसपास आमच्या पंपांच्या कंपनीने मला दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवायचं ठरवलं, तेही विमानाने. साहेबांसमोर मी "हो, त्यात काय" म्हणालो. घरी येऊन पाट मागवला आणि त्यावर बसून राहिलो. जमिनीच्या जितकं जवळ राहता येईल तितकं बरं वाटत होतं. बायको म्हणाली, "दीड तासाचा तर प्रश्न आहे." धुळ्यापर्यंत टिकणाऱ्या माणसांना पाळधीवाल्यांचं दुःख कधी कळत नाही.

नानांना ही बातमी कळली आणि ते जणू पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. रोज संध्याकाळी ते माझी तयारी घेऊ लागले. शेवभाजी बंद. वांग्याचं भरीत बंद. प्रवासाच्या आदल्या दिवशी फक्त भाकरी आणि ताक. खिशात लिंबू, भाजलेला ओवा आणि आवळासुपारी. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वर्तमानपत्र. बनियनच्या आत, थेट पोटावर, घडी घालून पेपर ठेवायचा. पोटाला मग गाडी कळत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. जवळच्या प्रवासाला साधा पेपर, लांबच्याला रविवारचा, पुरवणीसकट.

एका रविवारी त्यांनी मला सरावासाठी एस.टी.च्या शेवटच्या सीटवर बसवून धुळ्याला नेलं. शेवटचं सीट म्हणजे विमानाचा धाकटा भाऊ, दोन्हीत माणूस सीटला टेकलेला नसतो, असं ते म्हणाले. घंटीची दोरी दोनदा ओढली की गाडी सुटते, म्हणून नानांचं कुठलंही काम "दे डबल!" म्हणून सुरू होई. त्या दिवशीही त्यांनी मागून "दे डबल!" अशी हाळी दिली. कंडक्टर त्यांचाच जुना चेला होता, त्याने दोरी ओढली. त्यानंतर काय झालं ते मी सांगत नाही. पाळधीचं नाव मात्र पाटीवर अगदी स्वच्छ रंगवलेलं आहे, हे मी जवळून पाहिलं.

शेवटी तो दिवस आला. पहूरवरून औरंगाबादला पोहोचेपर्यंतच माझा निम्मा जीव गेला होता. विमानतळावर तपासणीच्या शिपायाने माझ्या पोटावर हात फिरवला आणि पोट करकरलं. त्याने पुन्हा हात फिरवला, ते पुन्हा करकरलं. मला पडद्याआड नेण्यात आलं. बनियनमधून रविवारचा अख्खा पेपर निघाला, पुरवणीसकट. "ये क्या है?" त्याने विचारलं. "पेट के लिए," मी म्हणालो. त्याने पेपर उलटून पाहिला, त्यात केळीचे भाव होते. त्याने तो मला परत दिला आणि माझ्याकडे असं बघितलं, की याच्याने कुणाला धोका होईलसं वाटत नाही. तेवढा अपमान मी आयुष्यात दुसरीकडे सोसलेला नाही.

दिल्लीहून परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं, प्रवास मस्त झाला. बायकोला सांगितलं, ढग खालून जातात, बघत राहावं असं दृश्य आहे. नानांसमोर उभा राहिलो तर त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "कोठे?"

मी खाली मान घालून म्हणालो, "नाना, विमान अजून जमिनीवरच होतं. नुसता पंखा सुरू झाला होता."

नानांनी बोटांवर धुळ्यापासून मागे मागे गावं मोजली. मग म्हणाले, "म्हंजे पाळधीबी नही! भाऊ, तू तं स्टँडमाच?"

पण त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. उलट मला ओसरीवर बसवून चहा दिला आणि प्रश्न विचारायला लागले. सुटताना धक्का किती बसतो? "वर जातांना पोट कथं जास? वर का खाले?" कानाला काय होतं? खिडकी बंद करता येते का? जीव घाबरला तर मधेच थांबवतात का? माझी उत्तरं संपली तरी त्यांचे प्रश्न संपेनात. त्या वर्षात मला आणखी दोनदा जावं लागलं आणि दोन्ही वेळा हेच झालं. आधी तयारी, नंतर उलटतपासणी. दुसऱ्या खेपेला मी वर गेल्यावर पंधरा मिनिटं टिकलो. तिसऱ्या खेपेला दिल्ली येईपर्यंत पिशवी कोरी ठेवली. ती कोरी पिशवी मी नानांना आणून दाखवली, तर त्यांनी गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले. मला वाटलं, काय जीव आहे म्हाताऱ्याचा माझ्यावर! माणूस स्वतःला किती महत्त्वाचा समजतो, ते बघा.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. अक्षय्य तृतीया म्हणा, पण खानदेशात ती आखाजीच. झाडाला झोके बांधतात, लेकी गाणी म्हणत झोके घेतात, आणि लेकीला आणायला बाप किंवा भाऊ तिच्या सासरी जातो. मंदा मस्कतला गेल्यापासून आखाजीला एकदाही आली नव्हती. तरी नाना दरवर्षी मागच्या कडुनिंबाला झोका बांधत. त्यावर गल्लीतल्या पोरी खेळत, नाना ओसरीवरून बघत बसत. त्या वर्षी मात्र थाट वेगळा होता. मंदाला दिवस गेले होते, लग्नानंतर आठ वर्षांनी, आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. नानांनी खोलीला चुना दिला. नवा दोर आणला. स्वतः ओढून ओढून पाहिला.

आणि आखाजीच्या दहा दिवस आधी शुक्रवारचा फोन आला. डॉक्टरांनी मंदाला पडून राहायला सांगितलं होतं, प्रवासाचं नाव काढायचं नाही म्हणून. सासूबाईंचं वय झालेलं, जवळ दुसरं बाईमाणूस कुणी नाही. नाना त्या दिवशी ओरडले नाहीत. नुसते "हां माय, हां माय" करत राहिले, रिसीव्हर जपून खाली ठेवला आणि घरी गेले. झोका तसाच राहिला.

आखाजीच्या दिवशी ऑफिस लवकर सुटलं. मी भर उन्हात घरी आलो तर घरात कुणी नाही. मागच्या बाजूने करकर ऐकू आली. जाऊन बघतो तर झोक्यावर हिलालनाना. डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने दोर, दुसऱ्या हातात लिंबू, सदऱ्यात वर्तमानपत्र. आणि माझी बायको पदर खोचून त्यांना मागून ढकलत होती.

"आणखी जोरात?" ती विचारत होती.

"दे डबल!" नाना म्हणाले आणि दोर आणखी घट्ट धरला.

माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले आणि पाय टेकले. हसू यावं असंच ते दृश्य होतं, पण बायकोने डोळे मोठे केले आणि मी हसू आवरलं. आठ दिवसांपासून रोज दुपारी हे चाललं होतं. मी ऑफिसात गेलो की.

नाना घाम पुसत म्हणाले, "माहेरले येता येत नही पोरले. मंग माहेरनीच जावाले जोयजे नं, भाऊ?"

"जायलाच पाहिजे, नाना. पण तुम्हाला काय होणार आहे? तीस वर्षं गाडीत काढली तुम्ही."

नानांनी लिंबाकडे पाहिलं. "मी बी पाळधीच शे," ते म्हणाले. "कंडक्टरकीना पहिला दोन साल रोज पाळधीले उतरीसन गाडीमांगे जाऊ. लोकेस्ले सांगू, चाक देखस. तू पहिला दिन समोर उभा ऱ्हायना, तव्हय तुन्हा तोंडवर मन्हंच तोंड दिखनं माले."

मग मला ते सगळे प्रश्न आठवले. पोट वर जातं का खाली, खिडकी बंद होते का, मधेच थांबवतात का. वर्षभर नाना माझं विमान स्वतःसाठी उडवून बघत होते. मला खरंच लाज वाटली, आणि त्याहून जास्त या म्हाताऱ्याची माया वाटली.

जावयाने तिकीट पाठवलं. बायकोने डिंकाचे लाडू बांधून दिले, नानांना दिलेल्या दोन चादरींच्या मधे नीट बसवून. मुंबईपर्यंत मी सोबत गेलो. सबंध रस्ता नाना मैलाचे दगड मोजत होते. विमानतळाच्या दाराशी, जिथून पुढे सोडायला आलेल्यांना जाऊ देत नाहीत, तिथे त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले.

"देख मन्हा तोंडकडे. काय दिखस?"

ओठ कोरडे पडले होते. कपाळावर घाम होता. तोंड असं पांढरं, की पाळधीसुद्धा लांब वाटावी.

"धुळं, नाना," मी म्हणालो. "पार धुळं."

"खोटा बोलस," ते म्हणाले आणि हसले. पिशवी उचलली. मी म्हणालो, "दे डबल, नाना." ते आत गेले. मागे वळून पाहिलं नाही, पण चालताना त्यांचा सदरा करकरत होता.

पंधरा दिवसांनी मंदाचं पत्र आलं. बायको ओसरीवर बसून मोठ्याने वाचायला लागली. मंदाने लिहिलं होतं: नाना सुखरूप पोचले. विमानात त्यांना काहीही झालं नाही. उलट शेजारच्या माणसाचं तोंड बघून त्यांनी त्याला आधीच लिंबू दिलं. डॉक्टरांचं ऐकायचं सोडून मी ह्यांच्याबरोबर त्यांना घ्यायला गेले होते, गाडीतच बसून होते. नाना गाडीपाशी आले, मी दार उघडून त्यांना मिठी मारली, तर त्यांच्या सदऱ्यात कागद वाजला. मी म्हटलं, नाना, आता काढा की तो पेपर, पोचलात तुम्ही. तर धरूनच राहिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे, माय. इमानमा काहीच नही व्हयनं. पोट आते हालनं." आणि मग तिथेच, सगळ्यांच्या देखत, लहान पोरासारखे रडले.

इथे बायकोचा आवाज गेला. पत्र मांडीवर ठेवून तिने पदर डोळ्यांना लावला. म्हणजे ती धुळं नव्हतीच. नानांचं निदान आयुष्यात एकदा तरी चुकलं.

माझं विचारू नका. मी "सा. न. वि. वि."लाच पाळधी गाठली होती.