टिकल्या आणि चाकांचं कपाट

हार्लन स्कोग्मोने बायकोला सलग कित्येक हिवाळे एकच वचन दिलं होतं, की पहिला बर्फ पडायच्या आत तिची गाडी गराजमध्ये जाईल. आणि दर हिवाळ्यात लव्हॉन पहाटेच्या अंधारात अंगणात उभी राहून, बोटं बधिर होईपर्यंत गाडीच्या काचांवरचा बर्फ खरवडत असे. गराज गाडीसाठीच बांधलेलं होतं, पण त्यात हार्लनची हत्यारं राहत होती. ती भिंतीवर, जमिनीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत आणि एका मोडक्या पाळण्यातही पसरलेली होती.

लव्हॉन कधी भांडत नसे. आमच्या उत्तर मिनेसोटात कुणी फारसं भांडत नाही. तिला एखादी गोष्ट अगदी असह्य झाली, तर ती फक्त म्हणे, "हे जरा वेगळंच आहे हं." यापुढची शिवी आमच्याकडे नाही. यंदा जूनमध्ये तिने गराजच्या दारात उभं राहून हे वाक्य दोनदा म्हटलं, तेव्हा हार्लन हातातली पक्कड खाली ठेवून पुढे आला.

"चाकांचं कपाट घेतो," तो म्हणाला. "खणाखणांचं. सगळी हत्यारं त्यात जातील, कपाट भिंतीला लागेल आणि तुझी गाडी आत."

"बर्फाच्या आत?"

"बर्फाच्या आत. शब्द देतो."

त्यानंतर सगळा उन्हाळा हार्लनने कपाट निवडण्यात घालवला. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन कपाटं होती. एक लहान, कमरेइतकं. दुसरं लालभडक, सहा फूट रुंद, अठरा खणांचं, वर जाड लाकडी फळी आणि खाली हाताच्या पंजाएवढी चाकं. दर शनिवारी तो जायचा आणि दोन्हींचे सगळे खण उघडून बंद करून पाहायचा. एकदा एक खण उघडा असताना दुसरा उघडेना, तेव्हा त्याला वाटलं, आपणच मोडलं. घाबरून तो घरी निघून गेला आणि पुढचा आठवडाभर त्या रस्त्यानेच फिरकला नाही. शेवटी दुकानातल्या पेगीने फोन करून सांगितलं, की कपाट पुढे कलंडू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं.

पेगी त्या दुकानात कित्येक वर्षं होती आणि तिचा धीर मोठा होता. पण ऑक्टोबर उजाडला तसा तोही संपत आला.

"हार्लन, तुमच्याकडे हत्यारं आहेत तरी किती?"

"आहेत बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे किती खण? असं करा, सगळी बाहेर मांडा. कुठलं कुठल्या खणात जाईल ते ठरवा, मग या. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत हं, त्यानंतर कपाटांवरची सवलत संपतेय."

सल्ला अगदी रास्त होता. शनिवारी सकाळी लव्हॉन गाडी घेऊन चर्चमध्ये गेली, कारण बायकांना मिळून लेफ्स लाटायच्या होत्या. बटाट्याच्या त्या पोळ्या लाटायला बसल्या की बायका दुपारपर्यंत उठत नाहीत. हार्लनने गराजचं दार वर केलं आणि एकेक हत्यार अंगणातल्या फरशीवर मांडायला घेतलं. हातोड्या एकीकडे, पक्कडी एकीकडे, नट-बोल्टचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत. आजोबांचा रंधा त्याने जुन्या टॉवेलवर ठेवला. मांडून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याचा ऊर भरून आला. आपण इतके श्रीमंत आहोत याची त्याला कल्पनाच नव्हती.

आता कुठलं हत्यार कुठल्या खणात, याची खूण हवी होती. लव्हॉनच्या शिवणाच्या टेबलात त्याला चिकटवायच्या रंगीत, गोल कागदी टिकल्यांचं पाकीट सापडलं. वरच्या लहान खणांसाठी पिवळी, मधल्यांसाठी हिरवी आणि खालच्या खोल खणांसाठी लाल असं त्याने ठरवलं आणि प्रत्येक हत्यारावर टिकली चिकटवली. मग कॉफी करायला तो आत गेला.

गावात टिकल्यांचा अर्थ न कळणारा एकच माणूस होता, आणि तो हार्लन. त्या टिकल्या लव्हॉननेच चर्चच्या जुन्या-पान्या वस्तूंच्या विक्रीसाठी आणलेल्या होत्या. पिवळी एक डॉलर, हिरवी तीन, लाल पाच. कुणी घरासमोर जुनं सामान विकायला मांडलं, तरी त्यावर हेच रंग. हे आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा पाठ असतं. हार्लन मात्र त्या विक्रीला कधी गेलाच नव्हता. दरवर्षी त्या दिवशी त्याला गराज आवरायचं असे.

तो कॉफी घेऊन बाहेर आला, तर आर्डिस क्वाली हातोड्यांवर वाकून उभ्या होत्या. आर्डिस म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या विधवा बाई. हार्लनची आई गेली तेव्हा सलग आठवडाभर त्यांच्या घरून डबा येत होता.

"किती छान मांडलंयस रे," त्या म्हणाल्या आणि पिवळ्या टिकलीची लहान हातोडी उचलली. "फोटो टांगायला बरी पडेल मला."

"ती... म्हणजे मी जरा नुसता बघत होतो, आर्डिस."

"बघ की. मीही बघतेच आहे." त्यांनी पर्समधून एक डॉलर काढून हार्लनच्या शर्टाच्या खिशात सरकवला आणि खिसा थोपटला.

आता कुणीही म्हणेल, सरळ सांगायचं, की बाई, हे विकायचं नाही. पण ज्या बाईच्या हातचं आपण आठवडाभर जेवलो, तिला तोंडावर तुम्ही चुकलात म्हणायचं? आमच्याकडे मनात 'नाही' असलं की तोंडातून 'बरं, बघू' एवढंच निघतं. हार्लनच्या तोंडून तेवढंही निघालं नाही.

एक हातोडी गेली तर गेली, असं तो स्वतःला समजावत होता, तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक थांबला. टोपीवाला एक परका माणूस उतरला आणि थेट टॉवेलवरच्या रंध्यापाशी गेला.

"याचे पाच? जुना आहे हो."

"जुना?" हार्लनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "माझ्या आजोबांनी चर्चचे दरवाजे केलेत याने!"

"म्हणजे जुनाच की. तीन देतो."

"पाच!" हार्लन गरजला. "पाचच्या खाली एक सेंट नाही!"

"बरं बाबा, पाच," असं म्हणून माणसाने नोट दिली. रंधा विकला गेल्याचं हार्लनच्या लक्षात आलं तोवर ट्रक कोपऱ्यावरून वळला होता.

आता पुरे, असं म्हणून त्याने गराजचं दार खाली घ्यायला हात लावला. एवढ्यात समोरच्या घरातला ड्वेन ऑस्टबी रस्ता ओलांडून आला. त्याच्या हातात रंगाचा ब्रश होता आणि चेहऱ्यावर परोपकाराचं समाधान.

"अरे, तू विक्रीची पाटी लावायलाच विसरलास. म्हटलं, कामात असशील. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मीच लावून आलो, बाण काढून. दुसरी शाळेपाशी."

"ड्वेन, तू कशाला त्रास घेतलास?" हार्लन म्हणाला. हे त्याने आयुष्यात इतकं मनापासून कधीच म्हटलं नव्हतं.

"त्रास कसला त्यात? शेजारी कशासाठी असतात?"

पुढचा तासभर गाड्या येत राहिल्या. पास्टर करवत घेऊन गेले आणि वर आशीर्वाद देऊन गेले. दोन बहिणींनी मिळून जड लोखंडी शिकंजा उचलला. "हे विकायचं नाही," असं हार्लन एकदा धीर करून म्हणाला, तेव्हा समोरच्या शेतकऱ्याने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि एक डॉलर वाढवून दिला. कुणीतरी चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे आणून ठेवला, त्यामुळे लोक रेंगाळायला लागले.

ड्वेन मात्र पान्यांच्या रांगेपाशी थबकला होता. सगळ्यात मोठा पाना त्याने उचलला. त्यावर लाल टिकली होती आणि दांड्याला निळा रंग. ड्वेनच्या प्रत्येक हत्याराच्या दांड्याला निळा रंग असतो. हरवू नयेत म्हणून तो तसा लावतो, हे गावाला ठाऊक आहे. पुराच्या वर्षी हार्लनने तो पाना तासाभरासाठी मागून आणला होता. "परत करायची घाई नाही," ड्वेन तेव्हा म्हणाला होता आणि हार्लनने त्याचं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं.

हार्लन टॉवेलची घडी नीट करू लागला.

"चांगला पाना आहे," ड्वेन म्हणाला.

"हो, चांगला आहे."

"वापरलेला दिसतोय."

"थोडासा."

दोघांनी मिळून आभाळाकडे पाहिलं.

"यंदा बर्फ लवकर येणार असं वाटतंय," ड्वेन म्हणाला.

"वाटतंय खरं."

ड्वेनने पाकीट काढलं.

"राहू दे रे ड्वेन, तू असाच ने."

"छे छे. टिकली लावलीय ना तू." त्याने पाच डॉलर मोजून दिले. मग काचेवरचा बर्फ काढायची पिवळ्या टिकलीची खरवडणीही उचलली. "आणि हीसुद्धा घेतो. माझी मोडली मागच्या हिवाळ्यात."

लव्हॉनची गाडी अंगणात वळली तेव्हा फरशीवर फक्त टॉवेल उरला होता. ती पीठ लागलेल्या हातांनी उतरली आणि रिकाम्या गराजच्या दारात थांबली. आतली मागची भिंत तिने बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

"हार्लन, सगळं विकलंस? तुझ्या आजोबांचा रंधासुद्धा?"

"लोक आले," हार्लन म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"माझ्यासाठी?" तिचे डोळे भरून आले. उत्तराची वाट न बघता ती गाडीत बसली, गाडी हळूच गराजमध्ये घेतली आणि बंद केली. बराच वेळ ती आतच बसून राहिली. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि चेहऱ्यावर असं हसू, की हार्लनला रंध्याचं दुःख क्षणभर हलकं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

आता कपाटाची गरजच नव्हती. एवढं पेगीला सांगून यावं म्हणून तो दुकान बंद व्हायच्या आत निघाला. फोनवरही सांगता आलं असतं, पण जिने सगळा उन्हाळा खण उघडू दिले तिला फोनवर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

"आलात!" पेगी लांबूनच म्हणाली. "मला खात्री होती. सकाळी एक जण मोठं कपाट मागत होता, रोख पैसे घेऊन. मी सांगितलं, हे हार्लनचं आहे. पुसूनसुद्धा ठेवलंय मी."

लाल कपाट खरोखरच झळकत होतं.

"ते काय झालं, पेगी... आता तेवढी हत्यारं..."

"विचार बदललात का? बदलला असेल तर मोकळेपणाने सांगा. मला काही वाटणार नाही."

आमच्याकडे कुणी 'काही वाटणार नाही' म्हटलं, की पुढची दहा वर्षं त्या दुकानात खिळासुद्धा मागायला जाता येत नाही. हार्लनने खिशातल्या नोटा काढल्या, उरलेल्यासाठी कार्ड दिलं आणि मोठं कपाट घेतलं.

सोमवारी दुकानाचा ट्रक आला. कपाट मागच्या भिंतीला अगदी चपखल बसलं, कारण भिंत हार्लनने तीन वेळा मोजली होती. गाडी मोजायचं कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती गराजमध्ये राहिलीच कधी होती? लव्हॉनची गाडी चांगली लांबलचक. पुढचा बंपर कपाटाला टेकला तेव्हा मागची काच दाराच्या बाहेर होती. दार खाली यायचं, टपाला टेकायचं आणि मुकाट्याने वर जायचं.

लव्हॉन पुढे आली. तिने कपाट पाहिलं, गाडी पाहिली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"यात काय ठेवणार आहेस?"

"सध्या किल्ल्या आहेत."

"कसल्या?"

"कपाटाच्याच."

"हे जरा वेगळंच आहे हं," लव्हॉन म्हणाली आणि घरात गेली. जेवताना तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

पेगी नाराज होईल म्हणून कपाट परत करता येईना आणि गाडी कापता येईना. शेवटी हार्लनने गराजचं दार हाताने ओढून टपापर्यंत आणलं आणि मधल्या फटीत जुनी गोधडी कोंबली. वचन तीन चतुर्थांश पाळल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात बर्फ पडला. सकाळी हार्लन उठून आला तर पुढची काच कोरडी, बाजूच्या काचा कोरड्या आणि मागच्या काचेवर बर्फाचा जाड, कडक थर. लव्हॉनला चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जायचं होतं. ती हातमोजे चढवू लागली तसा हार्लन म्हणाला, "तू आत बस. हे काम माझं."

सवयीने तो कपाटाकडे गेला. अठरा खणांपैकी एकही उघडेना, बंपर आडवा आला होता. उघडला असता तरी आत काय होतं?  मग कॉलर वर करून त्याने रस्ता ओलांडला आणि ड्वेनचं दार वाजवलं.

"ड्वेन, ती खरवडणी जरा मिळेल का?"

ड्वेन आत जाऊन ती घेऊन आला. पिवळी टिकली अजून तिच्यावर होती. त्याने ती हार्लनच्या हातात दिली, समोर गराजमधून डोकावणाऱ्या गाडीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "परत करायची घाई नाही."

हार्लनने धाप लागेपर्यंत काच खरवडली. लव्हॉनने गाडी सुरू करून मागे काढली, तर नवरा पुन्हा रस्ता ओलांडताना दिसला. तिने काच खाली केली.

"आता कुठे निघालास?"

"ही परत द्यायला."

लव्हॉनने खरवडणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून तेच वाक्य निघालं. पण या वेळी ती हसत होती.