एक बोर्ड वजा

दगडू मिस्त्री कुणाच्याही खोलीत शिरले की आधी टाळी वाजवतात. रामराम नंतर. टाळीचा आवाज कसा फिरतो ते मान तिरकी करून ऐकतात, चारी कोपऱ्यांवर नजर टाकतात आणि भिंतींना लागणाऱ्या बोर्डांचा आकडा सांगतात, "बावीस बोर्ड, दोन गोनी पुट्टी." मग आम्ही टेप लावतो. बावीसच निघतात.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला ते तलवाड्याला गेले होते. पोहे झाले, मुलगी आत गेली. मुलीच्या बापाने भीत भीत विचारलं, "मग, कसं काय वाटलं?" मिस्त्री छताकडे बघत म्हणाले, "खिडकी वजा जाता अठरा." सोयरीक तरीही जमली, हा त्या पाहुण्यांचा मोठेपणा.

मी उमापूरच्या सोसायटीचा सचिव. टँकरच्या वर्षांत प्यायला पाणी नाही, तर सिमेंटच्या गिलाव्यावर कोण मारणार? म्हणून सोसायटीने खताच्या गोदामात जिप्समचे बोर्ड आणायला सुरुवात केली. भिंतीला पट्ट्या ठोकायच्या, वर बोर्ड बसवायचे, सांध्यांवर पुट्टी फिरवायची. पाणी लागतं ते पुट्टी कालवण्यापुरतं. किती बोर्ड मागवायचे, ते मिस्त्री सांगणार. "उरलं तर डोळा खोटा, कमी पडलं तर जबान खोटी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. हा माणूस चुकतो तरी कधी, याचंच मला कुतूहल.

गेल्या उन्हाळ्यात सापडले! मुलाच्या लग्नाआधी मिस्त्रींनी घरची खोली करायला काढली. त्यांच्या यादीत दार वजा, खिडकी वजा, आणि खाली आणखी एक 'सहा बाय चार वजा'. म्हणजे अख्खा एक बोर्ड कमी. खोलीला दार एकच आणि खिडकीही एकच, हे मला ठाऊक. मी गुपचूप एक बोर्ड वाढवून मागणी पाठवली. माल आल्यावर टेप घेऊन त्यांच्या घरी हजर झालो.

"मिस्त्री, ही तिसरी वजाबाकी कशाची?"

भिंतीला उभी टेकवलेली बाज त्यांनी बाजूला केली. मागे मातीची भिंत. तिचा तेवढाच तुकडा सारवलेला, त्यावर बोटांच्या कमानी.

"मंडळीचा हात हाय," मिस्त्री म्हणाले. "लई दुष्काळ व्हता त्या साली. मीच म्हनलो, दोन घागरी पान्यात भिंत सारवून व्हती. न्हाई झाली. हितवरच आली. लई हसली मला. 'ह्यो तुमचा अंदाज!' म्हनली. टँकर आला की ऱ्हायलेली करते, म्हनली. टँकर आला, तवर ती गेलती."

बाज पुन्हा जागेवर टेकवत ते पुढे म्हणाले, "तवापासून चुकत न्हाई मी. आता चुकलो तर हसनारं कोन हाय, सेक्रेटरी?"

मला माझ्या टेपची लाज वाटली.

खोली झाली, तेवढा तुकडा मोकळा सोडून. एक बोर्ड उरला. तो गोदामात परत आला आणि गावात बोभाटा झाला की मिस्त्रींचा डोळा खोटा ठरला. सोसायटीच्या मीटिंगला चेअरमननीही तोच विषय काढला. मिस्त्री दाराशी उभे होते. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं, "अंदाज बरोबर होता. एक बोर्ड मी माझ्या मनाने वाढवला."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले आणि एकाएकी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"ह्यो तुमचा अंदाज!" म्हणाले.