मत घेतलं, पन इचारलं काय?

आधी माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी, हे मी अंदाजानेच ठरवते. पण आमच्या शेजारच्या वासुदेव काकाजींबद्दल लिहावंसं वाटतं. मत देऊन झाल्यावर शाईचं बोट वर करून "आता दुनियेची मशीन कुठी हाय?" असं विचारणारा माणूस पिपरी मेघेत दुसरा नसेल.

अधिकारी गोंधळला. "दुनियेची?"

"कापसाचा भाव दुनियेत ठरते. त्या ठरवणाऱ्याईले मी मत कुठी देऊ?"

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "घरी जाऊन द्या काकाजी, आमाले उन्ह लागून राह्यलं!"

मतदानाला जाताना त्यांच्या हातात दरवेळी दोन मतदार-चिठ्ठ्या असत. एक त्यांची, एक मुलाची, मंगेशची. मंगेश कैक वर्षं युरोपात नोकरीला. "यादीत नाव हाय ना, म्हणजे तो येईनच घरी," असं काकाजी म्हणत.

ते हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजण्यात जन्म गेला, पण कधी काटा मारला नाही. काकू गेल्यापासून एकटेच. मंगेशच्या शहरात पंचवीस-तीस देशांची मिळून एक लोकसभा बसते. तिचं त्यांना भारी वेड. रविवारी फोन आला की पोराच्या आधी तिची खुशाली विचारणार.

मी कुंपणापाशी भांडी घासायला बसले की शिकवणी सुरू.

"बाई, तिथं लोकं मत देतात. निवडून आलेले कायदा पासबी करतात. पन कायदा मांडते कोन? दुसरेच! म्हणजे भाजी कोनती, ते भलतंच कोनी ठरवते. तुमी फक्त मीठ कमी-जास्त करा!"

म्हणजे आमच्या घरासारखंच, असं मला वाटलं. 

"तरी नापास नाई करत मी. काठावर पास. पन मत घेतलं, तर मत इचारलं काय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या तीन लेआऊटची, म्हणजे वस्त्यांची, मिळून एक समिती आहे. नळ पहाटे चारला सोडायचा, असं तिच्या बैठकीत ठरलं. सगळे हात वर. काकाजी उठले.

"नळावर उभ्या राह्यते बाया आन् हात वर मानसाईचे! बाई, तुमी सांगा, तुमचं मत काय?"

मी पदर तोंडात धरला. अध्यक्ष हसले. "गप्प आहेत, म्हणजे होकार."

काकाजींनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं : 'बाई गप्प. गप्प म्हणजे होकार नाही.' त्या ओळीवरून ठराव फिरला आणि दुसऱ्या आठवड्यापासून नळ सहाला येऊ लागला.

मागच्या महिन्यात मंगेशने तिकडचं नागरिकत्व घेतलं. आधी विचारलं नाही, घेतल्यावर कळवलं. चारच दिवसांनी मतदार यादीवाल्या मॅडम आल्या.

"मंगेश वासुदेव. बाहेरगावीच आहेत ना? राहू देऊ नाव?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी नाव राहिलं असतं. काकाजी ओसरीच्या खांबाला धरून उभे होते.

"नाई. तो आता तिकडचा झाला. मत तिकडं देईन. एक गाडी दोन काट्यावर मोजत नसतात, मॅडम. कापा."

फॉर्मवर त्यांनी सही केली. मॅडम गेल्या. काकाजी मंगेशच्या जुन्या चिठ्ठ्या काढून एकेक सरळ करत बसले.

भांडी घासता घासता मी हे ऐकत होते; हात राखेचे तसेच ठेवून कुंपणाला लागून उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला हे विचारलं.

"काकाजी, मंगेश तिकडचा झाला, त्यात तुमचं मत काय होतं?"

त्यांनी वर पाहिलं. पुन्हा खाली पाहून चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बोलले नाहीत.

मी घरात जाऊन दोन कप चहा मांडला. गप्प म्हणजे होकार नाही, हे मला त्यांनीच तर शिकवलं होतं.