ओमुरकुलच्या गावातलं एक मत

जिपाराबाईंनी शाळेच्या दारावर गावच्या मतदानाच्या निकालाचा कागद चिकटवला आणि त्या बाजूला होतात न होतात तोच ओमुरकुल पुढे घुसला. सतरा उमेदवारांची नावं होती. त्याचं बोट थेट नवव्या ओळीवर गेलं. तिथं त्याच्या मुलाचं, एर्कीनचं नाव होतं आणि नावापुढे आकडा होता एक.

ओमुरकुलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकाचे दोन काही झाले नाहीत.

"बाबा, जरा खाली बघा, सगळ्यात खाली—" जिपाराबाई म्हणाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच आणि मतदान केंद्राच्या प्रमुखही त्याच; राहायला मात्र तालुक्याला, आणि त्यांचं मतही तिथलंच.

"वर काय कमी शोभा झालीये, म्हणून खाली बघू?" ओमुरकुलनं कागद टरकन ओढला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात कोंबला आणि कलपाक, आपली उंच लोकरी टोपी, डोक्यावर दाबून तो घराकडे निघाला.

एर्कीन राजधानीत, बिश्केकमध्ये, गुरांचा डॉक्टर होता. आपण राष्ट्राध्यक्ष होऊ असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं. चार गोष्टी बोलायच्या होत्या, म्हणून उभा राहिला होता. देशभर तो सपाटून पडला याचं ओमुरकुलला फारसं दुःख नव्हतं. देशानं त्याचं काय खाल्लं होतं? पण गावानं घोडा खाल्ला होता. मतदानाच्या आठ दिवस आधी त्यानं आपला सर्वांत धष्टपुष्ट घोडा कापून घरचे दोघे धरून दोनशे अकरा मतदारांना पोटभर जेवू घातलं होतं. एकट्या शेजारच्या शामशीला तेवढं बोलावलं नव्हतं. बांधावरच्या जर्दाळूच्या झाडावरून त्या दोघांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. बाकी यच्चयावत गावानं तळहात उघडून, तोंडावरून फिरवून एर्कीनला आशीर्वाद दिला होता. आणि आता मत एक!

ते एक कुणाचं, हे ओमुरकुलला पक्कं ठाऊक होतं. त्याचं स्वतःचं. म्हणजे मग प्रश्न सरळ घरात येत होता.

"अनारकान," त्यानं उंबऱ्यातूनच विचारलं, "तू मत कुणाला दिलंस?"

अनारकान कणकेचे फुगीर बोरसोक तळत होती. "हे काय विचारणं झालं? पोटच्या पोराला दिलं."

"खोटं! एकच मत पडलंय, आणि ते माझं आहे."

"एकच?" झारा तिच्या हातातच राहिला. मग तिनं नवऱ्याकडे नीट रोखून बघितलं. "अहो, एकच असेल तर ते माझं आहे. तुमचं कुठे गेलं?"

चाळीस वर्षांच्या संसारात असला पेच आला नव्हता. दुपारपर्यंत ओमुरकुलनं आपलं अंथरूण गुंडाळून कोठीत नेलं. "खरं कळेपर्यंत मी तुझ्या हातचं खाणार नाही," त्यानं जाहीर केलं, आणि मग बराच वेळ त्याला बोरसोकचा वास येत राहिला.

संध्याकाळी लोक समाचाराला येऊ लागले. पहिला आला लोहार. ओमुरकुलला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाबा, कुणाला बोलू नका, पण ते एक मत माझं होतं बरं का. बाकीच्यांचं काय सांगावं!" मग पोस्टमन आला. ते मत त्याचं होतं. मग दाई आली, मग तिची दोन्ही मुलं, एकमेकांकडे न बघता, वेगवेगळ्या दारांनी. ते मत त्यांचंही होतं.

"आम्ही तुम्ही सांगितलं तस्सं केलं," दाईनं छातीवर हात ठेवला. "नवव्या नावापुढे खूण केली आणि खाली सही केली."

ही सहीची कल्पना ओमुरकुलचीच. घोड्याच्या जेवणात उभं राहून त्यानं सगळ्यांना बजावलं होतं, "नुसती खूण करून पळू नका. खाली आपापलं नाव लिहा. कोण आपला आणि कोण परका, ते उजेडात आलं पाहिजे!"

"मग झालं तर!" तो ताडकन उठला. "सह्या बघू. लगेच उजेड पडेल."

तो तसाच शाळेत गेला, पण जिपाराबाईंनी नकारार्थी मान हलवली. मतपत्रिका मोहोरबंद होऊन तालुक्याला गेल्या होत्या. "पण बाबा, ऐका तर, त्या सह्यांमुळेच तर—"

"सह्या नाहीत तर नाहीत! मी दुसरी वाट काढतो," असं म्हणून तो निघूनही गेला. बाईंनी कपाळाला हात लावला.

तीन दिवसांत गाव पार विस्कटलं. लोहारानं पोस्टमनच्या घोडीला नाल ठोकायचं नाकारलं. दाईच्या मुलांनी अंगणात मधोमध दोरी बांधली. एकूण दोनशे अकरा प्रामाणिक माणसं होती आणि प्रत्येकाच्या मते उरलेली दोनशे दहा लबाड होती. बिश्केकहून एर्कीनचा फोन आला. "बाबा, सोडून द्या हो. मला काही वाईट वाटलेलं नाही."

"तुझा काय संबंध?" ओमुरकुल ओरडला आणि त्यानं फोन ठेवला.

खरं तर आता त्याला निकालाशी घेणंदेणं उरलं नव्हतं. कोठीत थंडी वाजत होती. अनारकान शेजारच्या खोलीत एकटीच चहा पीत होती आणि तिच्या पेल्याचा आवाज भिंतीतून येत होता. ती खोटं बोलत असेल तर चाळीस वर्षं फुकट गेली. ती खरं बोलत असेल तर आपण मूर्ख ठरलो. यातलं काय ते कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यानं मेंढा कापला आणि गावाला बोलावलं. अंगणात चादर पसरली, मधोमध नान ठेवला, आणि ताटात शिजवलेलं मेंढ्याचं डोकं ठेवलं, जे पंगतीतल्या सर्वांत मानाच्या माणसापुढे ठेवतात.

"भाकरीवर हात ठेवून शपथ घ्या," ओमुरकुल कडाडला. "खोटी शपथ घेणाऱ्याला भाकरी सोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. जो खरा निघेल, त्याच्यापुढे हे डोकं मी माझ्या हातानं ठेवीन. कुणीही असो!"

त्याची अटकळ होती की फार तर एकजण पुढे येईल. अनारकान पहिली उठली. तिनं नानवर हात ठेवला, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि शपथ घेतली. तिच्यामागे लोहार. त्याच्यामागे पोस्टमन. मग रांगच लागली. ती अंगणातून फाटकाबाहेर, फाटकाबाहेरून बांधापर्यंत गेली. प्रत्येकजण बेधडक हात ठेवत होता. अर्ध्या तासात नानची पार चपाती झाली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. "माझ्या गवतात कुणाचे घोडे बांधलेत? सगळं तुडवलं की!" शामशी होता. हातात काठी, अंगात विटका कोट.

"मध्ये बोलू नकोस!" ओमुरकुल खेकसला.

"तुम्हीच आता मध्ये बोलू नका!" जिपाराबाई पहिलीतल्या पोरांना दरडावतात त्या आवाजात ओरडल्या. "चार दिवस मी सांगायला बघतेय. बाबा, खिशातला तो कागद काढा. सगळ्यात खालची ओळ वाचा. मोठ्यानं."

ओमुरकुलनं कागद उलगडला. चष्मा पुसला. "बाद मतं," त्यानं वाचलं आणि घसा खाकरला. "दोनशे अकरा."

"मतपत्रिकेवर नाव लिहिलं की मत बाद होतं. सगळ्यांनी एर्कीनलाच मत दिलं होतं, बाबा. आणि सगळ्यांनी तुमचं ऐकून खाली सही ठोकली होती. तुम्हीसुद्धा."

लोहारानं पोस्टमनकडे बघितलं, पोस्टमननं जमिनीकडे. अनारकान मात्र नवऱ्याकडेच बघत होती.

"मग ते एक?" ओमुरकुलचा आवाज अगदी बारीक झाला.

"गावाबाहेर रस्ता बांधणाऱ्या मजुरांची वसाहत आहे ना, त्यांची मतंही आपल्याच केंद्रावर पडतात; ती सगळी जिंकलेल्या माणसाला गेली. ते एक अशा माणसाचं, ज्यानं सहीचा हुकूम ऐकलाच नव्हता. म्हणजे जो जेवायला नव्हता."

दोनशे अकरा माना कुंपणाकडे वळल्या.

शामशी दोन पावलं मागे सरकला. "माझ्याकडे काय बघताय? मतदान गुप्त असतं."

ओमुरकुलनं दबलेला नान उचलला, कुंपणाशी नेला आणि पुढे केला. "ठेव हात. नव्हतं तुझं म्हण."

शामशीनं नानकडे बघितलं. हात कोटाच्या खिशातून काही बाहेर आला नाही.

"ये आत," ओमुरकुल कसाबसा म्हणाला. शब्द दिला होता. साऱ्या गावादेखत त्यानं शामशीला वरच्या जागी बसवलं आणि मेंढ्याचं डोकं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवलं. सात वर्षांचा राग गिळायला सोपा नव्हता, पण त्यानं गिळला. "का दिलंस रे मत?"

"पोरगा चांगला आहे," शामशी सुरी पुसत म्हणाला. "सुट्टीला गावी होता, तेव्हा माझी गाय अडली, तर न बोलावता आला. आईवर गेलाय."

अनारकाननं डोईच्या रुमालाआड हसू लपवलं आणि नवऱ्यापुढे बोरसोकची थाळी सरकवली. ओमुरकुलनं तिच्याकडे बघितलं आणि एक उचलून तोंडात टाकला. त्याचं अंथरूण आज कोठीतून परत येणार, हे तिला कळलं.

मग शामशीनं रीतीप्रमाणे डोक्याचा कान कापला. हा कान पंगतीतल्या पोरांना देतात, त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. पोरं हात पुढे करून ताटाभोवती गोळाही झाली होती. शामशीनं त्यांच्या डोक्यांवरून हात लांब केला आणि कान एकाहत्तर वर्षांच्या ओमुरकुलच्या तळहातावर ठेवला.

"खा," तो म्हणाला. "तुला जास्त गरज आहे."

ओमुरकुलनं एकदा जिपाराबाईंकडे बघितलं, आणि मुकाट्यानं सगळाच्या सगळा खाल्ला.