पिल्लांना लवकर बरं वाटलं

आजारानं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त बरं वाटण्यानं होतं. चाळीसगाव तालुक्यातल्या अभिमन आबांनी हे सत्य बदकांच्या पिल्लांवर सिद्ध करून दाखवलं.

शेततळ्यातलं पाणी नुसतं पडून राहतं हे आबांना बघवेना, म्हणून त्यांनी पिल्लं आणली. थंडी बाधू नये म्हणून सगळी एका खोलीत दाटीवाटीनं कोंडली, खिडकीला गोणपाट ठोकलं. खालचा ओला भुसा बदलायचं तेवढं राहून गेलं. (लग्नघरी पाहुण्यांच्या बाबतीत यालाच चोख व्यवस्था म्हणतात.) थोड्याच दिवसांत पिल्लं शिंकू लागली. डोळे चिकटले, नाकं वाहू लागली, आणि माना अशा थरथरू लागल्या की जणू कशालाच त्यांची संमती नव्हती.

गावानं तातडीनं निदान केलं. निम्म्या गावाच्या मते दोष मोबाइल टॉवरचा होता, पाव गावाच्या मते नजर लागली होती, आणि उरलेलं पाव गाव बहुमत कुठे झुकतं ते बघत होतं. जनावरांच्या डॉक्टर मोनाली मात्र म्हणाल्या की हे जिवाणूंचं काम. रायमेरेला असेल, पाश्चुरेला असेल, ई. कोलायही असू शकेल. तिघांपैकी एकाचंही नाव मतदारयादीत नसल्यामुळे गावानं त्यांची दखल घेतली नाही.

मेलेलं एक पिल्लू तपासणीसाठी घेत डॉक्टर म्हणाल्या, "खिडकी उघडा, भुसा कोरडा ठेवा. हे औषध पाच दिवस पाण्यातून द्या. पिल्लं टवटवीत दिसली तरी थांबायचं नाही, आबा."

आबांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी पिल्लं दाण्यांवर तुटून पडली.

"बठ्ठा बरा शेत," सगळी बरी झाल्याचं आबांनी बायकोला सांगितलं. "आते दवाई कसाले?"

"डॉक्टरीनबाईनी पाच दिन सांगेल शे," भिकुबाई म्हणाल्या.

पण औषध गरम असतं, धडधाकट जिवाला दिलं तर अपाय होतो, आणि उरलेली बाटली पुढच्या वर्षी कामाला येते. आबांच्या या युक्तिवादात कुठेही खोट नव्हती. जिवाणूंना तो कुणी कळवला नव्हता, एवढंच.

आठवडा उलटायच्या आत खोली पुन्हा शिंकू लागली. आबांच्या चपलेमागे लुटूलुटू येणारं एक लंगडं पिल्लू चोच उघडून श्वास ओढत त्यांच्या तळहातावरच गेलं. आबा ते तसंच धरून ओट्यावर बसून राहिले. चहाला हाक आली, ती त्यांना ऐकू आली नाही.

तपासणीत रायमेरेला निघाला. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं आणि त्या रागावल्या नाहीत. आबांना तेच जास्त लागलं. या खेपेला भिकुबाईंनी बाटली स्वतःच्या ट्रंकेत ठेवली आणि आबांचं मत विचारलं नाही. उरलेली पिल्लं तगली, शेवटी तळ्यात उतरली. पाचही दिवस औषध घेण्याची शिस्त त्यांनी पाळली, कारण तब्येत कशी आहे हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

हिवाळ्यात आबांना स्वतःला खोकला झाला. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी खोकला उतरला, आणि आबांनी उरलेली पट्टी जपून कोनाड्यात ठेवून दिली.

वाचकांना आबांचं हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की त्यांनी आपल्या घरचा औषधांचा डबा उघडावा. त्यातली अर्धी पट्टी कोणत्या दुखण्याची, हे आठवत नसलं तरी हरकत नाही. शेजारी खोकला ऐकू आला की तुम्ही ती नेऊन देणारच आहात.